एका वस्तूला एकच नाव

शाळेत निबंधात एकच शब्द लागोपाठ आला की बाई त्याखाली लाल रेघ मारायच्या. एकदा सूर्य झाला की पुढच्या वाक्यात रवी, मग भास्कर. निबंधापुरतं ते ठीकच. पण शास्त्रीय आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहायला घेतलं की ही सवय आधी मोडावी लागते.

मध्यंतरी ऑफिसातल्या एका ज्युनियरने विचारलं, "ताई, टॉलरन्स आणि थ्रेशोल्ड यांत फरक काय हो?" समीकरणं सोडवणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या पानावर त्याला टॉलरन्स, थ्रेशोल्ड आणि कटऑफ असे तीन शब्द भेटले होते. तिन्हींचा अर्थ एकच, उत्तर किती जवळ आलं की थांबायचं! लिहिणाऱ्याला फक्त पुनरुक्ती टाळायची होती. हा बिचारा अर्धा दिवस तीन वेगळ्या सेटिंग्ज शोधत बसला. त्याचं काय चुकलं? अशा पानावर शब्द बदलला म्हणजे वस्तू बदलली, असंच वाचणारा धरून चालतो. त्यातून इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असेल तर जास्तच.

याच्या उलटा प्रकार म्हणजे शब्द एक आणि वस्तू दोन. पायथॉनच्या नमपाय या लायब्ररीत पूर्वी 'रँक' नावाचं फंक्शन होतं. ते अ‍ॅरेला किती अक्ष आहेत ते सांगायचं. पण गणितात मॅट्रिक्सची रँक म्हणजे तिच्यातल्या एकमेकींवर अवलंबून नसलेल्या ओळींची संख्या. तीन ओळी, तीन रकाने आणि सगळीकडे १ असा तक्ता घ्या. त्या फंक्शनचं उत्तर २, गणिताचं उत्तर १. शेवटी २०१४ साली १.९ आवृत्तीत 'हे वापरू नका' अशी सूचना आली आणि पुढे ते फंक्शन काढूनच टाकलं. आता अक्ष मोजायला वेगळं नाव आहे आणि मॅट्रिक्सच्या रँकसाठी वेगळं.

सगळीच भांडणं अशी मिटत नाहीत. २, ४, ६ या तीन आकड्यांचं प्रमाण विचलन काढा. आर म्हणतं २, नमपाय म्हणतं साधारण १.६३. दोघंही बरोबर! आर हे आकडे नमुना मानून दोनने भागतं, नमपाय तोच सगळा संच मानून तीनने. नमपायला सांगून दोनने भागायला लावता येतं, पण ते सांगायला हवं हे आधी कळलं पाहिजे ना...

आणि खरी भीती इथेच आहे. प्रोग्रॅम बंद पडला तर माणूस निदान शोधाशोध करतो. इथे काहीच बंद पडत नाही. आकडा येतो, आलेख छान दिसतो आणि तोच आकडा कुणाच्या तरी प्रबंधात जाऊन बसतो. रात्री दोन वाजता एकट्याने काम करणाऱ्या त्या मुलीला विचारायला शेजारी कुणी नसतं. तिच्यासमोर असतं ते फक्त आपण लिहिलेलं पान.

म्हणून मी लिहिण्याआधी शब्दांची यादी करते. एका वस्तूला एक नाव, पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला काय म्हणतात ते एका ओळीत. जुना शब्द मी पुसून टाकत नाही. तो शोधत येणाऱ्याला नव्या शब्दाकडे पाठवते. "फार रुक्ष वाटतं गं," असं मैत्रीण म्हणते. वाटू दे! ते पान कुणी मजेसाठी वाचत नाही.

मराठीत अशी पानं लिहायची झाली तर हाच प्रश्न आपल्याही दारात येणार. प्रमाण विचलन म्हणायचं की मानक विचलन, यावर आपण तावातावाने वाद घालू. जरूर घालावा. मला दोन्ही शब्द चालतील. पहिल्या पानावर जो असेल तोच शेवटच्या पानावरही असला, की झालं.