चेहऱ्यावरचा बॅकलॉग

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की काही गोष्टी न मागता मिळतात. एम-थ्रीची धास्ती, मेसची पातळ आमटी, रात्री दोनपर्यंत जागायची सवय आणि चेहऱ्यावरचे मुरुम. पहिल्या तिन्हींवर मॅगझिनमध्ये दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. चौथ्यावर कोणी लिहीत नाही, कारण विषय जरा लाजेचा. म्हटलं, यंदा आपणच लिहून टाकू. चेहरा तर सगळ्यांनी बघितलाच आहे, आता लपवायचं काय!

शुद्ध मराठीत याला 'तारुण्यपीटिका' म्हणतात. नाव ऐकलं की वाटतं एखाद्या जुन्या कादंबरीची नायिकाच असावी. प्रत्यक्षात ती ओरलच्या दिवशी सकाळी बरोब्बर नाकाच्या शेंड्यावर लाल दिवा लावून बसते. एक्स्टर्नल प्रश्न विचारताना आपल्या डोळ्यांकडे न बघता नाकाकडे बघतोय, असं वाटत राहतं आणि येत असलेलं उत्तरही जातं.

मुरुम आले की सल्ल्यांना तोटा नसतो. आई फोनवर म्हणते, "पोट साफ होत नसेल." मावशी म्हणते, "उष्णता वाढलीय, सब्जा घे." हॉस्टेलमधले सीनियर टूथपेस्ट लावायला सांगतात, सलूनवाला फेशियल सुचवतो आणि लग्नात भेटलेली काकू चारचौघांत मोठ्यांदा म्हणते, "अरे, किती छान चेहरा होता रे तुझा!" सगळ्यांची माया खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण प्रत्येक सल्ल्याच्या पोटात एक छुपा आरोप असतो: तू तोंड धूत नाहीस, अरबट-चरबट खातोस, तुझंच काहीतरी चुकतंय. मुरुमापेक्षा हा आरोप जास्त दुखतो.

म्हणून आधी थोडी थिअरी. (घाबरू नका, डेरिव्हेशन नाही.) चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक नळी असते आणि तिला एक तेलग्रंथी जोडलेली असते. वयात येताना शरीरात अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, मुलांत आणि मुलींतही. त्यांच्या हुकमावरून ही ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच वेळी नळीच्या तोंडाशी त्वचेच्या मृत पेशी चिकटून राहतात आणि बूच बसतं. आत तेल साठतं, त्यावर 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' नावाचे जिवाणू पोसतात, शरीर त्यांच्याविरुद्ध फौज पाठवतं आणि वर दिसते लाल, दुखरी पुळी. ब्लॅकहेडचा काळा रंग हाही मळ नव्हे. बुचाच्या उघड्या तोंडाशी असलेलं रंगद्रव्य आणि तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळं पडतं. म्हणजे साबणाने कितीही घासलं तरी ते निघणार नाही. उलट साबण अल्कलाईन, पीएच ९-१० च्या आसपास. त्वचेचा पीएच साधारण ५. दिवसातून सहा वेळा साबण लावणारा स्वच्छ होत नाही, नुसता सोलून निघतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे बूच एका रात्रीत तयार होत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवस्थेपासून फुगलेल्या पुळीपर्यंतचा प्रवास काही आठवड्यांचा असतो, कधी दोन महिन्यांचा. म्हणजे आज आरशात दिसतोय तो कालच्या वडापावचा निकाल नाही. तो जुना बॅकलॉग आहे, आज फक्त रिझल्ट लागला!

एस. ई.ला असताना मी एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. दहा रुपयांचा केसपेपर आणि दीड तासाची रांग. तिथल्या मॅडमनी चेहरा बघितला, चार प्रश्न विचारले आणि एक वाक्य सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. "हे औषध आज आलेल्या पुळीसाठी नाही, दोन महिन्यांनी येणाऱ्या पुळीसाठी आहे. बारा आठवडे झाल्याशिवाय मला काही विचारायचं नाही."

आम्ही इन्स्ट्रुमेंटेशनवाले, हे ऐकून मला एकदम कंट्रोल सिस्टिम्सचं लेक्चर आठवलं. याला म्हणतात डेड टाइम. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये सोलरचा गरम पाण्याचा नळ सोडा. टाकी गच्चीवर, पाईप लांब, त्यामुळे आधी गारच पाणी येतं. घाईचा माणूस नळ आणखी सोडतो, आणखी सोडतो आणि मग एकदम अंग भाजतं. मग तो पूर्ण बंद करतो. पुन्हा गार! नळ नीट आहे, पाणी नीट आहे, फक्त माणसाला दम नाही. मुरुमांच्या बाबतीत आपण सगळे हेच करतो. सोमवारी एक फेसवॉश, गुरुवारी मुलतानी माती, रविवारी लिंबू, पुढच्या सोमवारी कुणीतरी सांगितलेलं तिसरंच. कुठलीच गोष्ट बारा आठवडे टिकत नाही, म्हणून कशाने फरक पडला ते कधी कळतच नाही. शिवाय लिंबाचा पीएच दोनच्या आसपास असतो. तो चेहऱ्यावर ओतणं म्हणजे सरळ ॲसिडचं प्रॅक्टिकल, तेही गॉगल न लावता.

मॅडमनी दिलेली यादी इतकी छोटी होती की मी कागद उलटून मागे काही आहे का बघितलं. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, बस दोनदा. 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं, म्हणजे नळ्या न बुजवणारं साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन. रात्री ॲडापलीन ०.१ टक्के, वाटाण्याएवढं, ते पुळीवर टेकवायचं नाही, सगळ्या चेहऱ्याला लावायचं. कारण दिसणाऱ्या पुळीपेक्षा न दिसणारी बुचं जास्त असतात. आणि २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. केमिकल आणि पॉलिमरवाल्यांना हे नाव ओळखीचं असेल. स्टायरिनचं पॉलिस्टायरिन करताना इनिशिएटर म्हणून वापरतात तेच हे! चेहऱ्यावर ते जिवाणू मारतं, आणि नुसत्या अँटिबायोटिक जेलला जिवाणू जसे सरावतात तसे याला सरावत नाहीत. २.५ टक्के पुरतं, १० टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, चुरचुर मात्र वाढते. एक सूचना: हे रसायन कपड्याचा रंग खातं. माझ्या निळ्या टॉवेलवर आता जगाचा नकाशा आहे.

मी काय केलं, तर जर्नलचा उरलेला ग्राफ पेपर काढला. दर रविवारी आंघोळीनंतर मुरुम मोजायचे आणि एक ठिपका द्यायचा. फक्त रविवारी. रोज आरसा बघायचा नाही, कारण रोजच्या रीडिंगमध्ये नॉइज फार. पहिले तीन आठवडे ग्राफ खाली यायच्या ऐवजी वर गेला, त्वचा कोरडी पडून सोलली. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून धीर टिकला. सहाव्या आठवड्यात रेघ सपाट झाली, नवव्यात खाली वळली आणि बाराव्या आठवड्याला सुरुवातीच्या निम्म्याहून कमी ठिपके उरले. अख्ख्या डिग्रीत एवढा खरा ग्राफ मी दुसरा काढलेला नाही. (सर हे वाचत असतील तर वाक्य विनोदी समजावं.)

याच काळात माझ्या रूम पार्टनरची दुसरी गोष्ट घडत होती. त्याच्या परवानगीने लिहितोय. त्याला गॅदरिंगच्या आधी, दहा दिवसांत चेहरा हवा होता. एका मेडिकल दुकानातून त्याला चिठ्ठीशिवाय एक ट्यूब मिळाली. चौथ्या दिवशी चेहरा असा चकाचक, की अर्ध्या विंगने त्याला ट्यूबचं नाव विचारलं. खरं कारण ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात होतं: स्टेरॉइड. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून लाली लगेच उतरते. पण आठवडेच्या आठवडे लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नवीन पुरळ येतं आणि क्रीम थांबवलं की सगळं दुप्पट जोराने परत येतं. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. पार्टनरने तीन महिने लावलं. नंतर उन्हात पाच मिनिटं उभा राहिला तरी गाल भाजायचे. घरी व्हिडिओ कॉल केला की कॅमेरा बंद. दिवाळीला अभ्यासाचं कारण सांगून तो गावी गेलाच नाही. त्याची आई मला फोन करून विचारायची, "बाळा, त्याचं काही बिनसलंय का रे?" मी काय सांगणार होतो?

हा प्रकार आपल्या देशात इतका पसरलाय की त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम आहे, तरी ट्यूब उलटी करून वाचायची सवय आपणच लावून घ्यायला हवी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीही दिसलं, तर ते मुरुमांचं औषध नव्हे. आणि आधीच वापरत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा. पार्टनरने शेवटी तेच केलं. चेहरा पूर्ववत व्हायला वर्षाच्या वर गेलं, पण झाला.

आता आहाराकडे वळू, कारण त्यावर मेसमध्ये रोज परिसंवाद असतो. तेलकट खाल्लं की ते तेल चेहऱ्यावर येतं, हा समज चुकीचा. चेहऱ्याचं तेल ग्रंथी स्वतः बनवतात. संबंध आहे तो तेलापेक्षा साखरेशी. २००७ साली मेलबर्नमध्ये १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांनी रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार घेतला, त्यांचे मुरुम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. साखर झपाट्याने वाढली की इन्शुलिन वाढतं आणि ते तेलग्रंथींना चिथावतं, असं त्यामागचं कारण सांगतात. चॉकलेटचं उदाहरण तर गमतीचं आहे. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांवर अभ्यास झाला आणि चॉकलेट निर्दोष सुटलं. पण तुलनेसाठी दिलेल्या 'बिनचॉकलेटच्या' वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती! आपल्या लॅबमध्ये असं रीडिंग घेतलं असतं तर सरांनी जर्नल भिरकावलं असतं.

मेसच्या भाषेत सांगायचं तर मैद्याचा पाव, बिस्किटं, कोल्ड्रिंक आणि टपरीवरचा दिवसाचा पाच कप गोड चहा कमी करा. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, भाजलेले शेंगदाणे, पालेभाजी वाढवा. वडापाव महिन्यातून दोनदा खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. जिमवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवा, व्हे प्रोटीन सुरू केल्यावर मुरुम वाढल्याच्या नोंदी आहेत. पावडर आणि पुळ्या एकाच महिन्यात सुरू झाल्या असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. आणि आहाराने मदत होते, पण मुरुम जास्त असतील तर नुसत्या भाकरीवर भागत नाही.

परीक्षेत मुरुम वाढतात हा मात्र आपला भ्रम नाही. २००३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ विद्यार्थी परीक्षेच्या काळात आणि एरवी तपासले. ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचे मुरुमही जास्त बळावले. म्हणजे पी. एल. मध्ये नाक लाल झालं तर ते तुमच्या प्रामाणिकपणाचं लक्षण समजा.

बाकी रोजच्या बारीकसारीक गोष्टी. आईने पाठवलेलं खोबरेल केसांना लावा, पण कपाळावर ओघळू देऊ नका. हेल्मेटचं अस्तर आणि गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ धुवा. उशीचा अभ्रा सेमिस्टरमध्ये एकदाच धुवायची परंपरा मोडा. आणि फोडू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पुळी जाते, काळा डाग महिनोन् महिने राहतो. खोल नख लागलं तर खड्डा कायमचा. मोठ्या, खोल, दुखणाऱ्या गाठी असतील, किंवा मुलींमध्ये पाळीही अनियमित असेल, तर घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि ॲडापलीनसारखी औषधं त्यांच्या चिठ्ठीनेच घ्या.

शेवटी एक विनंती, मुरुम नसलेल्या भाग्यवंतांना. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आलंय हे त्याला माहीत असतं; तुमच्या आधी त्याने आरसा बघितलेला असतो. तेव्हा "अरे, हे काय झालं?" असं विचारण्यापेक्षा "चहा घेणार?" विचारा. बिनसाखरेचा मिळाला तर उत्तमच!

(टी. ई., इन्स्ट्रुमेंटेशन)