पायाला मुंग्या येतात? बूट बघा, सायकल बघा

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीत आमच्यासारखे कितीतरी कामगार आजही सायकलीवर पाळीला जातात. पेट्रोलचा खर्च नाही, बसची वाट बघणे नाही. पण अर्धा तास सायकल मारली की पुष्कळांच्या बोटांना मुंग्या येतात, चवडा बधिर होतो. आम्ही पाय झटकतो आणि तसेच मशीनवर जाऊन उभे राहतो.

चवड्यातल्या लांब हाडांच्या मधून बोटांकडे नाजूक नसा जातात. त्या दाबल्या गेल्या की बोटे बधिर होतात. म्हणजे दाब कमी करणे हाच उपाय.

पहिला दाब बुटाचा. कारखान्याच्या बुटाला पुढे लोखंडी टोपी असते, ती सैल होत नाही. दिवसभर उभे राहून पाय सुजतो आणि सकाळी नीट बसलेला बूट सुटीच्या वेळी आवळतो. म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. लांबीबरोबर रुंदीही बघावी. थंडीत एकावर एक मोजे चढवले तर बूट आणखी घट्ट होतो. नाडी बोटांकडे सैल ठेवावी. पातळ चपलेचा त्रास वेगळा. पायडल एकाच जागी रुतते. रबर झिजले असेल तर पायडल बदलावे.

दुसरी गोष्ट सीटची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. गुडघा जेमतेम सरळ झाला की उंची बरोबर. मग चवड्याने मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट फार उंच असली की बोटांच्या टोकांवर जोर येतो. एवढे करूनही मुंग्या येत असतील तर पाऊल पायडलवर थोडे पुढे सरकवून बघावे.

आमच्या साध्या सायकलीला गिअर नाहीत. चढावर सगळा भार चवड्यावर येतो. तिथे उतरून चालावे, त्यात कमीपणा कसला? उतारावर पायडल थांबवून बुटातल्या बुटात बोटे हलवावीत.

उतरल्यावर थोड्या वेळात मुंग्या गेल्या तर दोष बहुधा बुटाचा किंवा सायकलीचा. पण बधिरपणा टिकून राहिला, रात्री तळपाय जळजळले, कमरेतून पायात कळ आली किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला, तर दवाखाना गाठावा. मधुमेह असू शकतो, कमरेची नस दबलेली असू शकते, कुष्ठरोगही असू शकतो. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रात ते औषध मोफत मिळते. लाजेपायी दिवस काढले तर मात्र पाय कायमचा अधू होऊ शकतो.

बधिर पायाला बुटातला खिळा टोचलेला कळत नाही. जखम चिघळते, पाळ्या बुडतात, घराचा पगार बुडतो. म्हणून कामावरून आलेल्या माणसाचे तळपाय घरच्यांनी रोज उजेडात बघावेत. आपल्या घरांचा संसार याच पायांवर उभा आहे.