दाराबाहेरचा थोरला

येशूच्या दृष्टांतांपैकीं उधळ्या पुत्राची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु धाकटा घरीं परतला कीं उपदेशक बहुधा ती संपवितात. लूकनें ती तेथें संपविलेली नाहीं. त्याच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायाच्या आरंभीं परूशी व शास्त्री कुरकुरत आहेत, कीं हा पापी लोकांच्या पंक्तीस बसतो. कथा त्यांना उद्देशून आहे. म्हणूनच तिचा रोंख शेतांतून परतणाऱ्या थोरल्यावर आहे. घरांतील गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून तो रागानें बाहेरच थांबतो. बाप समजूत घालावयास येतो, तेव्हां तो हिशेब मांडतो : इतकीं वर्षें राबलों, पण मित्रांसाठीं एक करडूंहि मिळालें नाहीं. धाकट्याला तो ‘हा तुझा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तरांत ‘हा तुझा भाऊ’ म्हणतो.

मीहि घरांतला थोरला. वडिलांच्या मागें धाकट्यांचीं शिक्षणें व लग्नें पार पाडलीं; त्यामुळें हें न मिळालेलें करडूं माझ्या चांगलेंच परिचयाचें आहे. आपणां पांढरपेशांपैकीं पुष्कळांच्या मनाच्या दावणीला तें बांधलेलें असतें.

थोरला अखेर आंत गेला कीं नाहीं, हें येशू सांगत नाहीं. तें श्रोत्यांनींच ठरवावयाचें होतें. म्हणून उपदेशकानेंहि येथें तात्पर्य जोडूं नये. ऐकणाऱ्याला त्या बापासमोर क्षणभर उभें राहूं द्यावें.