वारा आपला, ऊन आपलं... पैसा कुणाचा?

परवा कामानिमित्त साक्री तालुक्यात गेलो होतो. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या गरगर फिरत होत्या. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांना सहज म्हटलं, "बाबा, तुमच्याकडे विकास आला की." ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, वारा आमना, पैसा कोना?"

येताना तेवढंच डोक्यात घोळत होतं.

मी जळगाव जिल्ह्यातला. वीज आमच्या दीपनगरला तयार व्हायची, आमच्या विहिरीवरची मोटर मात्र रात्रपाळीत चालायची. केळीला पाणी भरायला वडील रात्री दोनला बॅटरी घेऊन निघायचे. साप-विंचवाच्या भीतीने ते परत येईपर्यंत आई जागीच. म्हणून सौरऊर्जेला मी नावं ठेवणार नाही. दिवसा वीज म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली झोप आहे.

साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. अभिमान वाटावा असंच काम.

पण त्याच धुळे जिल्ह्यात विखरणही आहे. तिथल्या धर्मा पाटलांची जमीन दोंडाईचाच्या वीज प्रकल्पासाठी गेली. मोबदला फार कमी मिळाला म्हणून वयाची ऐंशी ओलांडलेला हा माणूस सरकारदरबारी खेटे घालत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयातच टोकाचं पाऊल उचललं. २८ तारखेला ते गेले. वाढीव मोबदल्याची चक्रं फिरली ती त्यानंतर.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ. खासगी जमिनीचा मालक शेतकरीच राहतो. मला हा रस्ता बरा वाटतो. पण त्या रानात निंदायला जाणाऱ्या बायांची मजुरी बुडते, तिचा हिशोब कोणत्याच करारात नसतो. आणि करार पाच-दहा नाही, पंचवीस-तीस वर्षांचे असतात. म्हणजे आज अंगठा आपला, भोगणार नातू.

प्रकल्प यायलाच हवेत. पण सातबारा आपल्या नावावर, करार आपल्या भाषेत आणि गावातल्या पोरांना तिथे काम, एवढं तरी आधी ठरवून घ्या.

तुमच्या गावात कुणी जमीन दिली आहे का? भाडं वेळेवर येतं का? खाली लिहा. चांगला अनुभव असेल तर तोही लिहा, तो पण छापू.