काळ्या मातीची सोंड

चेहऱ्यातून सोंड निघते, नेमकी तिथंच काळी माती तडकते. सोंड बारीक, ती आधी सुकून आवळते. कपाळ आणि पोट तोवर ओलंच. शाडूनं मला असं कधी छळलं नाही. पण नागपूरला शिल्पकला शिकून आलेल्या पुतणीनं विचारलं, "मोठेबाबा, गणपती आपल्या कळंबचा आन् माती गुजरातची कशी?" तेव्हापासून शाडूच्या पोत्याला हात लागत नाही.

आमच्या कळंबचा चिंतामणी गणपती जमिनीच्या पोटात, पायऱ्या उतरून जायचं. बारा वर्षांनी कुंडाचं पाणी चढून त्याच्या पायाला लागतं, ही गावाची श्रद्धा. अशा गावातली मूर्ती पाण्याला आपली वाटायला हवी.

आमची काळी माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची झीज. पाणी पिऊन फुगते, सुकताना आक्रसते. वैशाखात वावरात भेगा पडतात त्या यामुळंच. तिला आवरतो तिच्यातच पिकलेला कापूस. पिंजून मातीत तुडवायचा, चक्रवती नदीची चाळलेली रेती घालायची, आणि सोंड ओल्या फडक्यात गुंडाळून पोटाच्या चालीनं सुकू द्यायची. तरीही एखादी तडकतेच. भेग ओल्या मातीनं बुजवली तर दुसऱ्या दिवशी तिथंच हजर. वाळलेल्या त्याच मातीची पूड, कापूस आणि डिंक घालून बुजवली तर बहुधा टिकते. बहुधा. या एका शब्दानं माझी झोप उडवली आहे.

आता बोटांचे सांधे धरतात. तुडवणं पुतणीकडं गेलं. डोळ्यांची आखणी मात्र तिला देत नाही. तिचा हात माझ्याहून स्थिर आहे, तरी देत नाही. दुरून बघून लोकांनी मूर्ती माझी म्हणून ओळखावी, ही हाव सुटत नाही.

पीओपीबद्दल माझं मत कडकच आहे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पीओपीची मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला तेव्हा दिली नाही. जी नदीत मोकळेपणी सोडता येत नाही, ती मूर्ती घडवावी कशाला? आणि शेकडो कोस ट्रकमधून आलेल्या शाडूला डोळे मिटून पर्यावरणपूरक म्हणणंही मला पटत नाही.

यंदा मूर्ती घ्यायला जाल तेव्हा रंग नंतर बघा. आधी मूर्तिकाराला विचारा, माती कुठली?