काड्यापेटीतली भूमिती

“आजोबा, हा चौकोन सारखा कलंडतोय!”

नातवाने गुल खरवडलेल्या आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी सांधल्या होत्या. युक्ती जुनीच. मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील शाळांत १९७२ साली विज्ञान-शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. त्यात पुढे अरविंद गुप्तांनी ही खेळणी मुलांच्या हाती दिली.

उत्तर माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. बऱ्याच खटपटीनंतर त्याने समोरासमोरचे दोन कोपरे पाचव्या काडीने जोडले. चौकोन तिरपा झाला, पण दोन त्रिकोण होऊन घट्ट राहिला.

“आजोबा, म्हणूनच पुलाला त्रिकोण असतात?”

तीस वर्षे मी फळ्यावर त्रिकोण शिकवले. हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. विचारणार कसा? काड्या कायम माझ्याच हातात होत्या!