अर्धे तिकीट, दहाचा वाटा

परदेशप्रवासाच्या मराठी पुस्तकांत बाजारावर एक प्रकरण बहुधा असतेच. कैरोचा खान अल-खलिली असो किंवा मराकेशचा जमा अल-फना चौक असो, लेखक तिथे मसाल्यांच्या राशी पाहतो, दुकानदाराशी घासाघीस करतो, मनातल्या मनात तिथल्या नाण्यांचे रुपये करतो आणि अखेर समाधानाने नोंदवतो की वस्तू स्वस्तात मिळाली. जेवणाचेही तेच. गल्लीतल्या टपरीवर पोटभर खाल्ले आणि पैसे जवळजवळ लागलेच नाहीत, हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी लिहिले आहे. प्रवासवर्णन शिकवताना या वाक्यापाशी मी दर वेळी थबकते. 'स्वस्त' हा शब्द तिथे वस्तूच्या रंगासारखा किंवा वासासारखा वापरलेला असतो, जणू तो त्या वस्तूचाच गुण आहे. वास्तविक तो घेणारा आणि देणारा यांच्यामधला संबंध असतो. घेणाऱ्याचे जे वाचले, त्याचा भार कुणीतरी उचललेला असतो. हे 'कुणीतरी' प्रवासवर्णनात सहसा येत नाही.

या लेखनप्रकाराचा एक थोर पूर्वज उत्तर आफ्रिकेतलाच आहे. इब्न बतूता १३०४ साली मोरोक्कोतल्या तांजियर शहरात जन्मला. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला हा माणूस १३४२ नंतर आपल्याकडून गेला. दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला, तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वाखाणली, गाणाऱ्यांच्या बाजाराचे वर्णन केले. नंदुरबारच्या मराठ्यांचे अन्न भात, भाज्या आणि तिळाचे तेल असल्याची नोंद त्याने केली आहे. आपल्या ताटाकडे इतक्या दुरून आलेल्या डोळ्यांनी पाहिलेले वाचताना मौज वाटते. पुढे तो बंगालला गेला. इतका स्वस्त मुलूख आपण जगात कुठे पाहिला नाही, असे सांगून त्याने तिथली भावांची यादीच दिली आहे. तांदूळ, कोंबड्या, साखर, तूप, तलम कापड. त्याच यादीत, त्याच सुरात, एका सोन्याच्या दिनारला विकली गेलेली दासी आहे, आणि साधारण त्याच भावाने आपणही एक दासी घेतल्याचे तो सांगतो. त्या यादीजवळच आणखी एक बारीकशी नोंद आहे. हे भाव तिथल्या लोकांना महाग वाटत होते, असे त्याच्या कानावर आले होते. जे एकाला जगात सर्वांत स्वस्त, तेच दुसऱ्याला महाग. १३५५ साली फेज येथे पूर्ण झालेल्या त्या ग्रंथातल्या या एका ओळीत त्या साऱ्या यादीवरचे भाष्य आहे, आणि ते करतो आहोत याची लेखकाला जाणीवही नसावी.

मेडशी इब्न बतूताच्या वाटेवर नव्हते. माझ्या वाटेवर आहे. अकोल्याहून वाशीमला जाताना पातूर मागे पडले की घाट लागतो, सागाचे जंगल लागते, आणि वर आल्यावर मालेगावच्या अलीकडे हे गाव येते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून मेडशी वाशीमचे. पण दवाखान्याला, लग्नाच्या कापडाला आणि कॉलेजला लोक अजूनही घाट उतरून अकोल्यालाच जातात. माझी आत्या इथे राहते. चार एकर कोरडवाहू शेत, विहिरीच्या कडेला भाजीपाल्याचे दोन वाफे, आणि आठवड्याचा बाजार एवढा तिचा संसार. मी वाशीमला शिकवायला जाते आणि बाजाराच्या दिवशी परतताना मेडशीला उतरते.

या प्रवासाचे मला निम्मेच पैसे पडतात. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत सर्व महिलांना अर्धे तिकीट झाले. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरीच्या पुढच्या सर्वांना प्रवास मोफत झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले तरी या सवलती राहिल्या. त्यांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली, त्यांत मतांच्या राजकारणाचा भागही होता, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मला सांगायचे आहे ते गाडीत दिसलेले. पूर्वी बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन चढणारी बाई एक असायची आणि तीही बहुधा नवऱ्यासोबत. आता चार-पाच असतात, एकेकट्या असतात, आणि त्यांतल्या काही तर काही विकायलाही निघालेल्या नसतात. एकीला बहिणीकडे जायचे असते, दुसरीला नुसतेच बाजार पाहायला. आत्या दोन वर्षे डोळ्यांचे दुखणे अंगावर काढत होती. सवलत झाल्यावर ती स्वतःच अकोल्याला जाऊन आली. मी कुणासोबत गेलीस म्हणून विचारले, तर म्हणाली, "कोनासंग कायले जाऊ माय? अर्धं तिकीट लागते मले आता." त्या वाक्यात पैशापेक्षा पुष्कळ अधिक काही होते.

माझ्यासारख्या पगारदार बाईलाही तेच अर्धे तिकीट मिळते, हा या सवलतीवरचा एक रास्त आक्षेप आहे. कंडक्टर आम्हा दोघींना सारख्याच रकमेचे तिकीट देतो. पण त्यात एक गोष्ट स्वच्छ आहे: उरलेला अर्धा कोण देतो ते ठाऊक आहे. तो सरकार देते, म्हणजे आपण सगळे मिळून देतो, आणि त्याचा हिशेब कुठेतरी मांडला जातो. ही स्वस्ताई वाटून घेतलेली आहे.

बाजारातली स्वस्ताई तशी नसते. मेडशीचा बाजार म्हणजे बांबूंवर ताणलेली पाले, जमिनीवर अंथरलेली पोती, एका कडेला मिरची-मसाला, दुसरीकडे गोडीशेव, फुटाणे, मुरमुरे, मधे आलुबोंडे तळणाऱ्याची कढई आणि तिच्याभोवती शाळा सुटलेली पोरे. भाजी इथे किलोने मिळते तशी वाट्यानेही मिळते. वांग्यांचा वाटा, हिरव्या मिरचीचा वाटा, टमाट्यांचा वाटा. विकणारी आपल्या अंदाजाने छोटे छोटे ढीग मांडते आणि प्रत्येकाचा एकच भाव सांगते, "दहाले वाटा." घेणारा भाव कमी करून मागत नाही, ढीग मोठा करून मागतो. वर दोन मिरच्या टाक, अजून एक वांगे घाल. भाव तोच राहतो आणि वाटा वाढत जातो. आपल्या भाषेने या ढिगाला 'वाटा' म्हणावे, म्हणजे ज्याच्या त्याच्या हक्काचा हिस्सा म्हणावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. मात्र संध्याकाळ होऊ लागली की त्या शब्दातला न्याय गळून पडतो. शेवटची गाडी गाठायची असते, भाजी परत नेऊन उपयोग नसतो, आणि मग दहाला दोन वाटे होतात. गावाबाहेरून मोटारीने आलेली माणसे नेमकी त्या वेळेला थांबतात. "किती स्वस्त आहे हो इथे सगळे!" हे वाक्य मी अशाच एका संध्याकाळी आत्याच्या पोत्यासमोर ऐकले. आत्याने त्यांना मेथीच्या दोन जुड्यांवर आणखी एक जुडी घातली. हा तिचा स्वभाव म्हणावा तर आहेच. पण बियाणे, पाणी, पहाटेची खुडणी आणि पोते उचलण्याची हमाली यांच्या उरलेल्या अर्ध्याचे तिकीट कुणी काढले, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

अन्नाच्या बाबतीत हा गुंता अधिक दाट होतो. ज्वारीची भाकरी, बेसन आणि मिरचीचा ठेचा हे वऱ्हाडातले गरिबाचे जेवण अशी आपली समजूत साहित्यानेही पक्की केलेली आहे. पण १९९०च्या दशकापासून या भागातल्या शेतांत सोयाबीन पसरत गेले आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीन लवकर हाती येते, त्याचे पैसे एकरकमी होतात. ज्वारीच्या कणसांवर पाखरे येतात आणि जंगलालगतच्या शेतांत रोही आणि रानडुकरे उतरतात. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यापाठोपाठ गोठ्यातली जनावरे घटली. रेशनवर मिळतो तो गहू आणि तांदूळ, जानेवारी २०२३ पासून तोही मोफत. म्हणून आत्याच्या घरी रोज पोळी असते. भाकरी होते ती मी आले की. शहरातल्या हॉटेलांतून 'गावरान थाळी' म्हणून ज्या भाकरीचे चढे पैसे घेतले जातात, ती आत्याकडेही आता विकतच्या ज्वारीची, पाहुण्यासाठी केलेली वस्तू आहे. एखादा प्रवासी तिच्या चुलीपाशी बसला तर तो लिहील, साधे, स्वस्त, रुचकर ग्रामीण जेवण. त्या ताटातला सर्वांत महाग पदार्थ कोणता, हे त्याला कळणार नाही.

आणि ज्या सोयाबीनसाठी ज्वारी सोडली, त्याचे काय? २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता. बाजार समित्यांत भाव कितीतरी आठवडे त्याच्या खालीच राहिला. शहरात तेलाच्या पिशवीचा भाव वाढला की बातमी होते. मेडशीच्या आसपासच्या घरांत मात्र मुलीचे लग्न किंवा विहिरीवरची नवी मोटर त्या वर्षी पुढे ढकलली जाते, आणि त्याची बातमी होत नाही.

स्वस्त प्रवास आपल्या परंपरेला नवा नाही. महानुभावांच्या आचारधर्मात अटन आणि भिक्षा ही जोडीच आहे, आणि 'लीळाचरित्र' हे एका अर्थी सतत चालणाऱ्या माणसांचे, त्यांच्या मुक्कामांचे आणि जेवणांचे पुस्तक आहे. पण त्या भिक्षेला नियम होते, आणि चवीच्या मागे जाण्याला मज्जाव होता. वऱ्हाडातल्या परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर घर सोडून भटकले, त्यांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'तला नर्मदेचा परिक्रमावासी सदावर्तावर जगतो, आणि देणाऱ्याचे ऋण त्या पुस्तकात सतत जागे असते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा तर गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि मग भाकरी मागत. पुढे पंढरपूर, नाशिक, मुंबई इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्या इतरांचा प्रवास परवडावा म्हणून. १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगरदरम्यान पहिली एस.टी. धावली, तीत मला याच विचाराचे सार्वजनिक रूप दिसते. या सगळ्यांत प्रवासी कमी पैसे देतो, कधी मुळीच देत नाही. पण आपण कुणाचे देणे लागतो ते त्याला माहीत असते. आजच्या प्रवासवर्णनात 'वाचवले' हा शब्द येतो, 'देणे' येत नाही. १९६० साली मराठीत 'अपूर्वाई' आली आणि त्याच वर्षी उद्धव शेळक्यांची 'धग'ही आली. एका पुस्तकाने आपल्याला युरोप दाखवला, दुसऱ्याने वऱ्हाडातल्या एका कुटुंबाची पै-पैची ओढाताण. आपण पहिले प्रवासासाठी वाचतो आणि दुसरे दुःखासाठी. ही दोन्ही वाचने एकमेकांशेजारी ठेवली तर बाजाराचे प्रकरण वेगळे लिहिले जाईल, असे मला वाटते.

घाई एवढ्यासाठी की रस्ते बदलत आहेत. अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशीम अशा दोन टप्प्यांत या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वाटले गेले, आणि गावाचे नाव प्रथमच एवढ्या मोठ्या कागदावर आले, तेही दोन कंत्राटांमधली सीमा म्हणून. जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावरून मोटार वेगाने जाते, आणि कडेला पोते अंथरून बसलेली कुणी बाई नसते. वेगाचे फायदे मला मान्य आहेत. घाटातून दवाखान्यात नेलेला माणूस त्यामुळे वाचतो. पण टोपलीचा सगळा हिशेब गाडी थांबण्यावर आहे. गाडी थांबली तरच अर्ध्या तिकिटाला अर्थ आहे.

वर्गात प्रवासवर्णन शिकवून झाले की मी विद्यार्थ्यांना एक काम देते. आपल्या गावच्या बाजाराचे वर्णन लिहायचे, अट एकच, 'स्वस्त' आणि 'महाग' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. बहुतेकांची पहिली दोन पाने अडखळतात. गेल्या वर्षी एका मुलीने जेमतेम पानभर लिहिले. आई किती वाजता उठली, मेथीच्या किती जुड्या बांधल्या, जातानाचे तिकीट किती, जागेची पावती किती, किती जुड्या गेल्या आणि किती तशाच वर घातल्या. अखेरची ओळ अशी होती की आठ जुड्या उरल्या, त्या घरी आणल्या आणि पुढचे दोन दिवस घरात मेथीच होती. मी त्याखाली शेरा लिहिला नाही, फक्त गुण दिले.